कानावर आलेली कविता : जातं, रेडिओ आणि परभणीचा मंच



कविता कधी छापली गेली, याच्या नोंदी ग्रंथालयात सापडतात. ती कवीनं कशी म्हटली, कुणासमोर म्हटली, ऐकणाऱ्यांनी कुठं दाद दिली, याच्या नोंदी मात्र फार थोड्या. आज आपण हाच भाग बघणार आहोत, आणि त्यासाठी परभणी जिल्हा निवडला आहे. कारण इथं कविता आधी कानावर आली, डोळ्यांसमोर नंतर.

सुरुवात गंगाखेडपासून करू. गोदावरीकाठचं हे जनाबाईंचं गाव. त्यांचे अभंग छापखाना यायच्या आधीची कित्येक शतकं टिकले, ते कीर्तनात गायले गेले, दळताकांडताना बायकांच्या ओठांवर राहिले म्हणून. म्हणणारं माणूस असेल तोवर कविता जिवंत, असा तो व्यवहार होता.

आधुनिक कवी लोकांसमोर आला तो विसाव्या शतकात. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली ती तिथंच, कविता म्हणून दाखवल्यावर. पुढं १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झालं. त्यातल्या यशवंत आणि गिरीश यांनी काव्यगायन गावोगाव नेलं.

त्या वेळी परभणी निजामाच्या राज्यात होती. कचेरीची आणि शाळेची भाषा उर्दू. त्यामुळं मुशायऱ्याची रीत इथल्या लोकांना परकी नव्हती. मुशायऱ्यात ऐकणारा गप्प बसत नाही, आवडलेली ओळ पुन्हा म्हणायला लावतो. बी. रघुनाथ याच वातावरणातले. शिक्षण हैदराबादला झालं, नोकरी निजामाच्या बांधकाम खात्यात. ‘आलाप आणि विलाप’ हा त्यांचा संग्रह १९४१ साली आला. ७ सप्टेंबर १९५३ रोजी परभणीत, कचेरीत काम करत असतानाच ते गेले. वय अवघं चाळीस. आकाशवाणीचं परभणी केंद्र सुरू झालं १९६८ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी. परभणीच्या या सगळ्यात महत्त्वाच्या कवीला आपल्या गावच्या माइकसमोर कधी बसताच आलं नाही.

रेडिओ कवीच्या शब्दाचं काय करू शकतो, हे तोवर महाराष्ट्रानं पाहिलं होतं. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून गदिमांचं गीतरामायण दर आठवड्याला सुरू झालं आणि घरोघरी लोक वेळ धरून रेडिओजवळ बसू लागले. पण ते गाणं होतं. नुसतं वाचन ही वेगळी परीक्षा असते.

कशी, ते बघा. स्टुडिओत समोर कुणी नसतं. लाल दिवा लागला की बोलायचं. कागद सळसळला तरी ऐकू जातो. वेळ मिनिटांत मोजून दिलेली. ‘वा!’ म्हणणारं कुणी नाही. त्यामुळं कवीला एकच श्रोता मनात धरावा लागतो, सांजच्या वेळी ओसरीवर रेडिओ लावून बसलेला. तो बरेचदा शेतकरी असायचा, कधी अक्षरओळख नसलेला. पुस्तक त्याच्यापर्यंत जाणार नव्हतं, आवाज गेला.

मंचाचं गणित उलटं. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी मिळून महाराष्ट्रभर काव्यवाचनं केली आणि नुसत्या कविता ऐकायला सभागृहं भरतात हे दाखवून दिलं. मराठवाड्यात फ. मुं. शिंदे यांनी हशा आणि हुंदका एकाच बैठकीत आणला. इंद्रजित भालेराव वसमत तालुक्यातल्या रिधोऱ्याचे. वसमत आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण १९९९ पर्यंत तो परभणीचाच भाग. ‘पीकपाणी’ १९८९ साली आलं आणि ती कविता शेतकऱ्यांच्या सभांमध्ये पोचली. १९९५ साली परभणीत अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते नारायण सुर्वे. कापसाच्या मुलखात गिरणीतला कवी अध्यक्ष म्हणून आला, हा योग लहान नव्हे.

मंचानं कवितेचं नुकसानही केलं, हे मान्य करायला हवं. टाळी मिळवणारी कविता पुन्हा पुन्हा म्हटली जाते, मुकी कविता वहीतच राहते. रेडिओवर अशा हळू आवाजाच्या कवितेला जागा होती. म्हणून आम्हाला ही दोन्ही ठिकाणं एकमेकांना पूरक वाटतात.

आता खरा प्रश्न. हे आवाज आज कुठं आहेत? ध्वनिफीत महाग होती. प्रसारण झालं की तिच्यावरच पुढचा कार्यक्रम मुद्रित करायचा, ही त्या काळातल्या रेडिओची सर्रास पद्धत. गावोगावच्या संमेलनांत कुणी तरी टेपरेकॉर्डर लावायचा, त्या कॅसेटना आता बुरशी लागते आहे. पुस्तकं आहेत ना, असं कुणी म्हणेल. पण ‘काय करायलास?’ हे कागदावर वाचणं वेगळं आणि परभणीच्या हेलात ऐकणं वेगळं. तो हेल कुठल्याच छापखान्याला पकडता येत नाही.

याउलट उदाहरणही आहे. हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कित्येक मुद्रितही झाल्या. १९९६ साली शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आज त्यांच्याच आवाजात ऐकता येतात. ज्यांचं नाव कुठल्या पुस्तकावर आलं नाही, त्यांचा आवाज राहिला. ज्यांची पुस्तकं आहेत, अशा कित्येक कवींचा मात्र राहिला नाही.

तेव्हा एक विनंती आहे. घरी जुन्या कॅसेट असतील तर टाकून देऊ नका. आधी त्यांवर गाव, साल आणि वाचणाऱ्याचं नाव लिहा, मग त्या संगणकावर उतरवून घ्या. नाव लिहायचं काम आजच करा. कारण तो आवाज कुणाचा आहे हे ओळखणारी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.