राखीव कोणासाठी?

यंदा श्रावणात शाळेतील मुलांना घेऊन कान्हेरीची लेणी पाहावयास गेलो होतो. परतताना, उद्यानातल्या एका पाड्यावरून शाळेत येणाऱ्या मुलाने विचारले, “सर, राखीव म्हणजे कोणासाठी राखलेले?” इतिहासाच्या शिक्षकाने असा प्रश्न टाळू नये, मी तो टाळला. आज उत्तर देऊ पाहतो.

कान्हेरीच्या भिक्षूंनी कातळात पाण्याची टाकी खोदली. तिथल्या शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. एका लेखात मंगलठाण गावातले शेत संघाला दिल्याची नोंद आहे; हे मंगलठाण म्हणजेच बोरिवलीचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. डोंगर आणि पायथ्याचे गाव यांचे नाते इतके जुने आहे.

पुढे मुंबईला तहान लागली. १८६० साली विहार तलाव झाला, १८७९ साली तुळशी. पाणी निर्मळ राहावे म्हणून भोवतालचे डोंगर मोकळे राखले गेले आणि त्या निमित्ताने अरण्यही वाचले. आज सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान बोरिवलीपासून मुलुंड-ठाण्यापर्यंत पसरले आहे. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यासही बंदी आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारे वारली आपल्याच अंगणात परके झाले. कडेने मात्र झोपड्या वाढल्या, इमारतीही वाढल्या. १९९७ साली उच्च न्यायालयाने अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला, आणि गरिबांचे संसार उठले.

मग जून २००४ आला. त्या एका महिन्यात बिबट्यांनी अनेकांचे प्राण घेतले. पिंजरे लावावेत, बिबट्या धरावा, दुसरीकडे नेऊन सोडावा, हाच तेव्हा उपाय समजला जाई. अभ्यासकांनी दाखवून दिले की अशाने जनावर बिथरते आणि संकट फक्त जागा बदलते. २०११ साली वनखात्याने नागरिक आणि संशोधक यांना सोबत घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. कचरा उचला, म्हणजे त्यावर पोसणारी कुत्री घटतील आणि त्यांच्या मागे बिबट्या येणार नाही. अंधारात मुलांना एकटे सोडू नका. बिबट्या दिसला एवढ्यासाठी पिंजरा मागू नका. सांगणे एवढेच होते. हल्ले पुष्कळ कमी झाले, थांबले नाहीत. २०२२ च्या ऐन दिवाळीत आरेमध्ये एक चिमुरडी बळी गेली, हे विसरता येत नाही.

वारल्यांना हे शेजारपण नवे नव्हते. ते वाघोबाला देव मानतात. आपण वसुबारसेला गायीची पूजा करतो, त्याच सुमारास ते वाघबारस करतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातल्या रहिवाशांचा हक्क मान्य केला आहे. तो राष्ट्रीय उद्यानातही लागू आहे. तरी कागदावर हक्क असणे वेगळे आणि कारभाराच्या पंक्तीत पाट मिळणे वेगळे.

सुटीनंतर शाळा उघडली की त्या मुलाला सांगेन, “बाळ, राखीव म्हणजे सर्वांसाठी, पण ज्यांनी राखले त्यांना विचारून.” तसे अजून पुरते झालेले नाही, हेही त्याला सांगावे लागेल.