वेगाला आवर

मोटारींच्या इतिहासांत इंजिनाचा गौरव नेहमींच होतो. आज त्यांतील एका लहानशा लोखंडी ब्रॅकेटची हकीकत सांगावयाची आहे.

अमेरिकेंत १९०८ पासून १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीला पुढें पाट्यांची एकच आडवी स्प्रिंग असे. धक्का जिरविणारें निराळें साधन नसे. दक्षिण कॅलिफोर्नियांतील हौशी तरुण अशा जुन्या गाड्यांचें इंजिन जोरदार करून म्यूरॉकच्या कोरड्या सरोवरावर त्या पिटाळीत. अशाच गाड्यांना पुढें 'हॉट रॉड' हें नांव पडलें. परंतु स्प्रिंग धक्का साठविते, तशी तो परतहि करते. चाक उसळून जमीन सोडतें. मग अधांतरीं चाकापुढें सुकाणूची काय मात्रा?

दुसऱ्या महायुद्धानंतर तेल भरलेल्या नळीचे शॉक अॅब्सॉर्बर प्रचारांत आले. त्यांचें खालचें टोंक आंसाला आणि वरचें सांगाड्यावरील ब्रॅकेटला जोडीत. यासाठीं १९४८ ते १९५२ च्या फोर्ड एफ-१ ट्रकचे ब्रॅकेट विशेष पसंत पडले. गाडी उभी असतां दट्ट्या मध्याजवळ असावा आणि नळी शक्य तों उभी असावी. ती फार कलल्यास तिचा जोर घटतो.

चालविणाऱ्याचा जीव पुष्कळदां या दोन ब्रॅकेटांच्या भरंवशावर असे.