देजिमा : एका पुलापुरता व्यापार

नागासाकीच्या बंदरात १६३४ ते १६३६ या काळात शोगुनच्या हुकमाने आणि स्थानिक व्यापाऱ्यांच्या पैशाने एक कृत्रिम बेट उभे राहिले. आकार पंख्यासारखा, क्षेत्रफळ जेमतेम दीड हेक्टर, शहराशी जोडणारा पूल एकच. गोवा-मकाव मार्गाने येणाऱ्या पोर्तुगीजांना तेथे कोंडावे, म्हणजे व्यापार चालेल आणि ख्रिस्ती धर्मप्रसार थांबेल, असा हिशेब होता. तो फसला. १६३९ मध्ये पोर्तुगीजांना देशातूनच हाकलण्यात आले आणि १६४१ मध्ये रिकाम्या बेटावर डच आणून बसवले गेले. परवानगीवाचून त्यांना पूल ओलांडता येत नसे. (व्यापारक्षेत्र म्हणावे की तुरुंग?) तरीही पुढची दोन शतके युरोपीय वैद्यक जपानात शिरले ते प्रामुख्याने याच पुलावरून.

आता नागासाकीची भगिनी शहरे पाहा. अमेरिकेतील सेंट पॉलशी नाते जुळले ७ डिसेंबर १९५५ रोजी, म्हणजे पर्ल हार्बरच्या स्मरणदिनी. अणुबॉम्ब पडून तेव्हा दहाच वर्षे झाली होती. १९७८ मध्ये पोर्तुगालचे पोर्तो आणि नेदरलँड्सचे मिडलबर्ग आले : हाकललेल्यांचे एक, कोंडलेल्यांचे एक.

बेट मात्र मधल्या काळात भरावामुळे शहरातच विरून गेले होते. तेथे जाण्यासाठी नवा पूल खुला झाला तो २०१७ मध्ये.