उंची कोणत्या गजाने मोजावी?

सरकारी दप्तरातील आकडा दोन प्रकारे खाली आणता येतो : परिस्थिती सुधारून, किंवा मोजण्याचा गज आखूड करून. पोषणशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन (१९१८-२०१९) यांनी या दुसऱ्या मार्गाला ठाम विरोध केला. प्रशासकांनी त्यांचे कार्य अभ्यासावे, ते यासाठी.

सेलमचे गोपालन कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत संशोधक झाले. ती पुढे हैदराबादला हलली. १९६१ ते १९७४ ते तिचे संचालक होते. कुपोषणाचे मूळ प्रथिनांच्या तुटवड्यात आहे, असे जग मानत असताना त्यांनी दाखवून दिले की भारतातील गरीब मुलांना आधी कमी पडतात ते उष्मांक. उपाय महागड्या भुकटीत नव्हता. घरचेच अन्न पोटभर मिळण्यात होता.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे दांडेकर आणि रथ आठवतात. १९७१ साली त्यांनी दारिद्र्याची मोजणी दरडोई, दररोज २२५० उष्मांकांशी जोडली. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर आक्षेप घेतला. माणसाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेते. म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे. स्वच्छ पाण्यावरचा त्यांचा भरही रास्तच होता.

पुढे डेव्हिड सेक्लर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 'लहान पण निरोगी' अशी कल्पना मांडली, तेव्हा गोपालन कडाडले. खुरटलेपण हे जुळवून घेणे नसून दारिद्र्याची खूण आहे. गरिबांसाठी वेगळा गज कशासाठी, हा त्यांचा प्रश्न होता.

उत्तर २००६ साली मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांतील मुलांच्या मोजमापांवरून बालवाढीचे नवे मानदंड जाहीर केले. त्यांत दिल्लीतील सुस्थित घरांची मुलेही होती. अनुकूल परिस्थितीत पाच वर्षांपर्यंतची मुले सर्वत्र जवळपास सारखीच वाढतात, असे त्यातून दिसले.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले खुरटलेली आढळली, महाराष्ट्रात ३५.२ टक्के. आपल्या प्रगत राज्याला देशाच्या सरासरीपासून वेगळे काढणारे अंतर एवढेच. हा आकडा बोचतो, म्हणून भारतीय मुलांसाठी निराळे मानदंड हवेत असा सूर अधूनमधून उमटतो. त्या वेळी गोपालनांचा प्रश्न संचिकेच्या पहिल्या पानावर असावा.