बांधून ठेवायचं की हलवायचं? फिजिओथेरपीतला एक जुना वाद

"आधीच्या डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं, तुम्ही चालायला सांगताय. नक्की खरं कोणाचं?" कंबरदुखीचे रुग्ण हा प्रश्न नेहमी विचारतात, आणि तो रास्तच आहे. फिजिओथेरपीत सल्ले का बदलतात, हे समजण्यासाठी पोलिओच्या काळातला एक वाद पाहू.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोलिओ झालेल्या मुलाचे हातपाय स्प्लिंट किंवा प्लास्टरमध्ये कित्येक आठवडे, कधी महिनोन्महिने बांधून ठेवत. कमजोर स्नायूला विश्रांती मिळावी आणि विरुद्ध बाजूच्या बळकट स्नायूने ओढून पाय वाकडा होऊ नये, हा त्यामागचा विचार. तज्ज्ञ हेच शिकवत असत.

ऑस्ट्रेलियातल्या एलिझाबेथ केनी (1880–1952) यांनी नेमकं उलट केलं. त्यांच्याकडे नर्सिंगची औपचारिक पदवी नव्हती. 'सिस्टर' हा हुद्दा त्यांना पहिल्या महायुद्धातल्या लष्करी सेवेत मिळाला होता. मुलांचे स्नायू आखडून दुखतात, हे त्यांनी पाहिलं. म्हणून त्या लोकरी कापडाचे तुकडे गरम पाण्यात बुडवून, पिळून, त्यांचा शेक देत. मग सांधे हळूहळू हलवत आणि मुलाला स्नायू पुन्हा वापरायला शिकवत.

1938 मध्ये क्वीन्सलँड सरकारने नेमलेल्या डॉक्टरांच्या आयोगाने त्यांच्या पद्धतीवर कडक टीका केली. 1940 मध्ये केनी अमेरिकेला गेल्या. मिनियापोलिसमधल्या डॉक्टरांनी त्यांना काम करून दाखवायची संधी दिली आणि 1942 मध्ये तिथे त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. पुढच्या काही वर्षांत मुलांना बांधून ठेवण्याची पद्धत मागे पडत गेली.

म्हणजे अनुभव जिंकला आणि पुस्तक हरलं? इतकं सोपं नाही. पोलिओत बिघाड मुख्यतः स्नायूंमध्ये असतो, असं केनी मानत. प्रत्यक्षात पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हालचालीचा आदेश देणाऱ्या चेतापेशी मारतो. मेलेल्या पेशी शेकाने परत येत नाहीत. शिवाय पोलिओची बरीच मुलं काही प्रमाणात आपोआप सुधारतात. मग सुधारणा उपचाराने झाली की निसर्गाने, हे कसं ठरवायचं? त्यासाठी सारख्या रुग्णांचे दोन गट करून तुलना करावी लागते. 1944 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीनेही त्यांच्या बरे होण्याच्या दाव्यांवर आक्षेप घेतले. ज्या आईवडिलांना पूर्ण बरं होण्याची आशा दाखवली जाते, त्यांच्यासाठी हा प्रश्न फार मोठा असतो.

एक मात्र लक्षात घ्या: बांधून ठेवण्याच्या पद्धतीचीही अशी तुलना कोणी नीट केली नव्हती. तिच्या मागे अधिकार होता, पुरावा कमी होता.

आता कंबरदुखीकडे येऊ. 'झोपून राहा' हा सल्लाही असाच वर्षानुवर्षं चालत आला होता. 1986 मध्ये अमेरिकेत 203 रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून एकाला 2 दिवस आणि दुसऱ्याला 7 दिवस अंथरुणात विश्रांती सांगितली. 2 दिवसवाल्यांचे कामाचे खाडे 45 टक्क्यांनी कमी झाले, आणि बाकी सुधारणेत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. पुढच्या अभ्यासांनीही शक्य तितकं हिंडतंफिरतं राहण्याच्याच बाजूने कौल दिला. म्हणून आम्ही चालायला सांगतो.

रुग्णाजवळ बसून केलेलं निरीक्षण नवा प्रश्न उभा करतं आणि संशोधन त्याची परीक्षा घेतं. दोन्ही लागतात. 'शेजाऱ्यांना गुण आला' हा उपचाराचा पुरावा नव्हे. पण अभ्यास सांगतो ती सरासरी असते. तुमचं वय, काम आणि दुखणं पाहून व्यायाम ठरवायला अनुभवी हातच लागतो.

पुढच्या वेळी फिजिओथेरपिस्टला मोकळेपणाने विचारा: हा उपचार कशासाठी? याने फायदा होतो हे कशावरून? सुधारणा कशी मोजायची, आणि नाही झाली तर पुढे काय?

मात्र कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद कमी होत चालली, तर व्यायाम करत बसू नका. लगेच रुग्णालयात जा.