एसी गार होईना? गॅस भरण्याआधी दाब तपासा

उन्हाळ्यात मोटारीचा एसी गार हवा देईनासा झाला, की ‘गॅस संपला’ हे निदान जणू ठरलेलेच असते. प्रत्यक्षात अनेकदा यंत्रणेतील दाब कमी नव्हे, तर प्रमाणाबाहेर वाढलेला असतो. दोन्ही प्रसंगी प्रेशर स्विच सुरक्षेसाठी कॉम्प्रेसर बंद करतो, त्यामुळे आत बसलेल्याला लक्षण एकच जाणवते. दाब वाढलेला असताना आणखी गॅस भरणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

कॉम्प्रेसर वायुरूप शीतक दाबून कंडेन्सरकडे पाठवतो. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या या जाळीतून हवा वाहिली, की शीतकाची उष्णता बाहेर पडून त्याचा द्रव होतो. उष्णता बाहेर पडली नाही, तर दाब चढतो. तपासाची सुरुवात म्हणूनच कंडेन्सरपासून करावी.

रस्त्यावरची पहिली परीक्षा

नवी मुंबईतील वाहनचालकाला पहिल्या तपासणीसाठी कोणत्याही उपकरणाची गरज नाही. पाम बीच मार्गावर वेगात असताना हवा गार येते, पण सायन-पनवेल महामार्गावरील कोंडीत गाडी थांबताच ती कोमट होते, असे असेल तर संशय प्रथम कंडेन्सरच्या पंख्यावर घ्यावा. धावत्या गाडीत समोरचा वारा पंख्याची उणीव भरून काढतो. उभ्या गाडीत ती उघडी पडते. पंख्याची मोटर, फ्यूज आणि रिले तपासावेत.

पंखा ठीक असेल, तर कंडेन्सर पाहावा. बांधकामांची आणि अवजड वाहतुकीची धूळ त्याच्या पाकळ्यांत साचते. खाडीकाठची खारी हवा ॲल्युमिनियम गंजवते. जाळी साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवावी. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाकळ्या वाकतात व हवेचा मार्ग आणखी अडतो.

गेज काय सांगतो?

यापुढील तपासणी जाणकार मेकॅनिकनेच करावी. आर-१३४ए शीतकाच्या यंत्रणेत, बाहेर सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान असताना कमी दाबाची बाजू साधारण ३० ते ४५ पीएसआय, तर जास्त दाबाची बाजू २०० ते २५० पीएसआय दाखवते. गाडीनुसार हे आकडे थोडे बदलतात.

दोन्ही बाजूंचे दाब वाढलेले असल्यास कंडेन्सरवर पाणी शिंपडून पाहावे. दाब झटकन उतरला, तर उष्णता नीट बाहेर पडत नसल्याचा संशय बळावतो. पंखा व जाळी निर्दोष असूनही दाब चढाच राहिला, तर गॅस जास्त भरला गेला असावा किंवा आत हवा शिरली असावी. हा फरक ओळखण्याची सोपी रीत आहे. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी गेज लावावा. ३० अंशांना शुद्ध आर-१३४एचा स्थिर दाब सुमारे ९७ पीएसआय असतो. गेज त्याहून बराच जास्त दाखवत असेल, तर आत हवा आहे. गॅस केवळ जास्त असेल, तर हा आकडा फारसा बदलत नाही. जास्त दाबाची बाजू चढलेली, पण दुसरी अगदी खाली गेलेली असेल, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायरमध्ये अडथळा असण्याची शक्यता असते.

वजन करूनच गॅस भरावा

हवा शिरली असल्यास जुना गॅस यंत्राने काढून घ्यावा, व्हॅक्यूम करावे आणि बॉनेटखालच्या पट्टीवर दिलेल्या ग्रॅमइतकाच गॅस वजन करून भरावा. नुसत्या अंदाजाने गॅस ‘टॉप-अप’ करून घेऊ नये. गॅस हवेत सोडणेही अयोग्यच. आर-१३४एची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पटींहून अधिक आहे. काही नव्या मोटारींत आर-१२३४वायएफ असतो. तो सौम्य ज्वलनशील असून दोन्ही शीतकांचे मिश्रण कदापि करू नये.

हा प्रश्न केवळ मोटारमालकांपुरता उरलेला नाही. १ ऑक्टोबर २०२५पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन अनिवार्य झाले आहे. उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदर आणि वाशीच्या घाऊक बाजारपेठांकडे तासन्‌तास रांगेत उभ्या राहणाऱ्या अशा ट्रकच्या चालकांसाठी चालता पंखा आणि स्वच्छ कंडेन्सर यांचे मोल मोठे आहे.