ख्रिस्ती शाळांतील क्रीडाशिक्षण

ख्रिस्ती संस्थांनी चालविलेल्या शाळांतून खेळांच्या द्वारा चारित्र्यशिक्षण देण्याची पद्धती व तीमागील विचारसरणी. शरीर हे ईश्वराचे मंदिर होय, ही संत पॉल यांची शिकवण तिच्या मुळाशी आहे. खेळणारा मुलगा हे साध्य आणि विजय हे केवळ साधन, हे तिचे सूत्र. तथापि व्यवहारात हे नाते अनेकदा उलटे झाले.

प्यूरिटन पंथीयांनी रविवारचे खेळ निषिद्ध मानले होते. एकोणिसाव्या शतकात इंग्‍लंडमधील निवासी शाळांत ही दृष्टी पालटली. रग्बी शाळेचे मुख्याध्यापक टॉमस आर्नल्ड (१७९५–१८४२) यांचा भर धर्म व नीती यांवर होता. खेळांशी त्यांचे नाव जोडले गेले, ते मुख्यतः टॉमस ह्यूझ यांच्या टॉम ब्राउन्स स्कूल डेज (१८५७) या कादंबरीमुळे. त्याच वर्षी चार्ल्‌स किंग्झ्ली यांच्या एका कादंबरीच्या परीक्षणात ‘मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी’ (बलोपासक ख्रिस्ती धर्म) ही संज्ञा वापरण्यात आली. ती स्वतः किंग्झ्ली यांना रुचली नाही. मार्लबरो येथील शाळेत १८५१ मध्ये विद्यार्थ्यांनी बंड केले होते. पुढील वर्षी तेथे मुख्याध्यापक म्हणून आलेल्या जॉर्ज कॉटन यांनी मुलांच्या मोकळ्या वेळाला वळण लावण्यासाठी संघटित खेळ सुरू केले. शिक्षकही त्यांत भाग घेऊ लागले. शतकाच्या अखेरीस मात्र अनेक शाळांत खेळ सक्तीचे झाले आणि सामन्यातील यश हेच प्रतिष्ठेचे माप ठरले. साम्राज्यासाठी कणखर अधिकारी घडविणे, हा हेतूही त्यात मिसळला.

अमेरिकेत याच विचाराला वेगळे वळण मिळाले. धर्मशास्त्राचे पदवीधर जेम्स नेस्मिथ (१८६१–१९३९) यांनी वायएमसीएच्या स्प्रिंगफील्ड येथील प्रशिक्षणशाळेत डिसेंबर १८९१ मध्ये बास्केटबॉल हा खेळ निर्माण केला. चेंडू घेऊन धावणे, प्रतिस्पर्ध्यास ढकलणे वा धरणे यांस मूळ १३ नियमांतच मनाई होती. म्हणजे संयम हा खेळाच्या रचनेतच अंतर्भूत होता. कॅनझस विद्यापीठातील त्यांच्या कारकीर्दीत (१८९८–१९०७) संघाने ५५ सामने जिंकले व ६० गमावले. बास्केटबॉल हा खेळावयाचा असतो, त्याचे स्वतंत्र प्रशिक्षण नको, असे त्यांचे मत होते. त्यांचेच शिष्य फॉरेस्ट ॲलन हे मात्र पुढे विजयासाठी संघ घडविणारे प्रशिक्षक म्हणून गाजले.

भारतात हा विचार मिशनरी शाळांमार्फत आला. त्याचे लक्षणीय उदाहरण श्रीनगर येथील चर्च मिशनरी सोसायटीच्या शाळेत आढळते. तेथे १८९० मध्ये आलेले सेसिल टिंडेल-बिस्को (१८६३–१९४९) यांनी पोहणे, नौकानयन, मुष्टियुद्ध व फुटबॉल हे अभ्यासक्रमाचे अंग बनविले. शाळेत ब्राह्मण मुलांचा भरणा होता. चामड्याच्या चेंडूचा स्पर्श त्यांना विटाळ वाटे, म्हणून त्यांना १८९१ मध्ये सक्तीने खेळविण्यात आले. परकीय शिक्षकाने स्थानिक रूढी अशा प्रकारे मोडीत काढणे आज समर्थनीय मानता येत नाही. मात्र त्यांची गुणपद्धती विचारार्ह आहे. गुण मन, शरीर व आत्मा अशा तीन भागांत विभागलेले असत. शारीरिक भागात नैपुण्यापेक्षा मुलाने केलेल्या प्रयत्नांस अधिक महत्त्व असे. मिळविलेले बळ महापुरात वा आगीत सापडलेल्यांच्या सुटकेसाठी वापरावे, अशी अपेक्षा असे व विद्यार्थी ती पुरी करीत. या शाळेत धर्मांतरे मात्र फारशी घडली नाहीत.

मद्रास येथे हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय स्थापन केले. त्यामुळे शाळांतील क्रीडाशिक्षणाला प्रशिक्षित शिक्षक मिळू लागले.

साधारणतः अकरा ते चौदा या वयात मुलांची शारीरिक वाढ विषम असते. एकाच वर्गातील काही मुले उंच व बळकट झालेली असतात, तर काहींची वाढ व्हावयाची असते. केवळ विजयासाठी संघ निवडल्यास उशिरा वाढणारी मुले मैदानाबाहेर राहतात आणि ज्यांच्यासाठी खेळ योजला, त्यांनाच तो दुरावतो. चारित्र्य घडविण्याचा दावा करणाऱ्या शाळेची कसोटी म्हणूनच जिंकलेल्या ढालींपेक्षा दुबळ्या खेळाडूला मिळणाऱ्या संधीवर लागते.